चूल पेटली की पहिली कातर

संपादकांचं पत्र आलंय, की तरुण वाचकांसाठी चांगल्या सवयींवर काही लिहा. माझं नाव त्यांना कुणी सुचवलं देव जाणे! तीस वर्षं नर्सबाई म्हणून गावोगाव हिंडले, जेवणाची वेळ एक दिवस पाळली नाही, चहा कायम गार करून प्याले. मी काय सवयींवर लिहिणार? पण सवय कशी लागते हे मी याचि डोळां पाहिलेलं आहे. साठीच्या घरातल्या, अक्षरशत्रू बाईला ती लागताना पाहिलं, आणि तिच्यासोबत माझीही थोडी खोड मोडली. तेवढं सांगते. आठवलं तरी अजून अंगात उत्साह येतो हो!

आमचा दवाखाना तापीकाठच्या सपाटीवरच्या एका बाजाराच्या गावात होता. चाळीस सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. दवाखान्यात बाळंतपणाला कुणी यायचं नाही. मला कुणी बोलावलंच तर अडलेल्या बाईसाठी, तेही सगळे उपाय थकल्यावर. बाकी सगळी बाळंतपणं घरी, आणि ती करणाऱ्या गावच्या सुइणी. हात कसले त्यांचे! पोटावर नुसता पंजा ठेवून मूल आडवं आहे की उभं ते सांगायच्या. मी शिकून आलेली, मला नळी लावून जे कळायचं ते त्यांना बोटांनी कळायचं. अडचण एकाच जागी होती, नाळ कापण्याच्या. विळा, उस्तरा, हाताला येईल ते घ्यायचं नि कापायचं. डोंगरात तोरणमाळकडे गेले तर तिथे बांबूची धारदार चोय.

बाहेरच्या माणसाला हे कळावं म्हणून सरळच सांगते. मूल ठणठणीत जन्मतं, रडतं, दूध पितं. घरात आनंदीआनंद. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ते दूध ओढेनासं होतं. भूक असते, तोंड छातीपाशी नेतं, पण जबडाच उघडत नाही. मग अंग ताठतं, आणि आठवडा व्हायच्या आत सगळं संपतं. लोक म्हणायचे बाहेरची बाधा झाली. तो असतो धनुर्वात, आणि तो शिरतो मळक्या पात्याने कापलेल्या नाळेतून. त्या काळी एकदा तो झाला की आमच्या हातात काही नव्हतं. जे काय करायचं ते आधी करायचं, म्हणजे कातर उकळायची आणि हात धुवायचे. इतकं सोपं, आणि तेच होत नव्हतं.

म्हणून सुइणींचा वर्ग काढला. वार बाजाराचा धरला, कारण त्या दिवशी त्या गावात यायच्याच. सातजणी जमल्या. प्रत्येकीला पत्र्याची पेटी द्यायची होती, त्यात कातर, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश आणि धुतलेली फडकी. आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, ह्या म्हाताऱ्या सुधारायच्या नाहीत. पेट्यांत तंबाखू ठेवतील." मला असा राग आला! मी म्हटलं, बघाच तुम्ही. त्या वेळी वय सव्वीस, अंगात रग, आणि मनगटावर प्रशिक्षण संपताना वडिलांनी घेऊन दिलेलं चामडी पट्ट्याचं घड्याळ. तालुक्यात घड्याळ घालून हिंडणारी बाई मी एकटीच असेन. मिजास होती, खोटं कशाला बोलू?

पहिल्या वर्गाला मी भिंतीवर चित्रं लावली आणि शाळेतल्या मास्तरीणबाईसारखं पुस्तकी मराठीत व्याख्यान ठोकलं. वास्तविक मी धुळ्याकडची, घरी आई अहिराणीच बोलायची. पण मिजास! शेवटी छडी आपटून म्हणाले, "सातव्या दिवशी जी मुलं जातात ती बाधेनं जात नाहीत. ती तुमच्या हातांनी जातात."

पुढच्या रांगेत एक उंच, काटक म्हातारी बसली होती. म्हसावदच्या बाजूची तापीमाय. पंचक्रोशीत तिच्या हाताला यश आहे म्हणायचे. ती म्हणाली, "म्हंजे हातमुळे व्हस ते?"

"हो," मी ठसक्यात म्हटलं.

ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. पेटीसुद्धा घेतली नाही. मला वाटलं, लागला राग म्हातारीला, लागू दे. तेवढ्यात शेजारची कपाळावर हात मारून म्हणाली, "बाई, काय बोलनात हो तुम्ही! तिनी आंडेरना दोन पोरे असाच गयात. दोन्ही बाळतपनं तिनीच करेल शेतस."

आंडेर म्हणजे मुलगी. तापीमायच्या पोटच्या मुलीची दोन मुलं गेली होती, आणि दोघांचीही नाळ आजीनंच कापली होती. माझ्या हातातली छडी तशीच राहिली. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य मागे घेता आलं असतं तर काय वाटेल ते दिलं असतं.

दुसऱ्याच दिवशी छकडा करून तिच्या गावी गेले. ती ओट्यावर शेंगा निवडत होती. मी शेजारी बसले. मीही सुपातल्या शेंगा निवडायला घेतल्या. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मी मारं का त्या दोन्हीस्ले?"

काय सांगणार? नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर जीभ रेटेना. मी म्हटलं, "तापीमाय, तुम्हाला ठाऊक नव्हतं. सांगायचं आमचं काम होतं, आम्हीच उशिरा आलो." आणि रडायला लागले. धीर द्यायला गेलेली मी, आणि डोळे माझेच गळतायत! तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाली, "गिरजाले पाचवा महिना शे. आखाजीले ती आठे येई. तवलग माले शिकाडा."

गिरजा म्हणजे तीच मुलगी. तिसऱ्या खेपेची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. गिरजा येणार ती बाळंतपणालाच. हाताशी जेमतेम चार महिने, आणि तेवढ्यात चाळीस वर्षांचा हात बदलायचा. नाही बदलला तर तिसरं मूल. आम्ही दोघींनीही ते शब्दांत म्हटलं नाही; तिने न नेलेली पेटी तेवढी मी ओट्यावर ठेवली आणि छकड्यात बसले.

तुम्ही म्हणाल, जिला एवढं कळलं ती विसरेलच कशी? अहो, हीच तर गंमत आहे! कळणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं. सुइणीला बोलावणं येतं ते धावतपळत येतं. माणूस दारात ओरडत असतो, ती चप्पलसुद्धा विसरून निघते. पहिल्या महिन्यात तापीमायने तीन बाळंतपणं केली. एकदा पेटी नेली, दोनदा घरीच राहिली. पोचल्यावर आठवायचं आणि ती कपाळ बडवून घ्यायची. ती मुलं वाचली ती त्यांच्या नशिबाने.

बरं, पेटी नेली त्या वेळचं ऐका. मी मुद्दाम बघायला गेले होते. तिने कातर उकळली, अगदी सांगितल्याप्रमाणे खळखळून. मी खूश! मग तिने ती फडक्यावर ठेवली, हळद लावली, कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं आणि नमस्कार करून नाळ कापायला उचलली.

मी किंचाळलेच. "अहो, काय करताय!"

"पोरेस्ले जग दखाडनारी चीज शे ती," ती शांतपणे म्हणाली. "हयद-कुकू बिगर कशी वापरू?"

कुंकवाची ती डबी कधीची, किती बोटं तिच्यात गेलेली. सगळं उकळणं पाण्यात! मी तिथल्या तिथे कातर पुन्हा उकळायला लावली आणि चार बायकांदेखत तिला सुनावलं, यापुढे हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. त्या वेळपुरतं तिने ऐकलं. पण पुढच्या बाळंतपणाला पेटीला शिवलीच नाही, विळा घेऊन गेली. पूजा न केलेलं हत्यार बाळाच्या अंगाला लावायचं तिच्या मनाला पटेना, आणि विळ्याची पूजा तर दर दसऱ्याला झालेलीच होती. म्हणजे माझ्या शहाणपणाने आम्ही होतो त्याच्याही मागे गेलो.

त्याच आठवड्यात एका मारवाडी शेठच्या घरी जायचा योग आला. दुकान कापडाचं, सून अवघडलेली, आणि घरात शेठची आई म्हणजे साक्षात कायदा. जैन घर. माँजी उकळलेलं पाणीच प्यायच्या, आणि तेही रोजच्या रोज उकळून, गाळून. मी तपासायला गेले तर मलाच म्हणाल्या, "आधी हात धू, मग सुनेला शिव." मी हात धुतले, आणि धुता धुता सहज विचारलं, "माँजी, पन्नास वर्षांत एक दिवस तरी पाणी उकळायचं विसरलात का हो?"

त्या हसल्या. "भूलायचं काय त्यात बेटा? चूल पेटली की पैलं पाणी. मग दुसरं काम."

अहो, मी तिथल्या तिथे उडीच मारायची बाकी होते! चूल पेटली की पहिलं पाणी. लक्षात ठेवायचा प्रश्नच नाही, कारण चूल तर पेटणारच. मी तापीमायला बाळंतपणाच्या गडबडीत आठवण ठेवायला सांगत होते. तिथे कुणाला आठवतंय? ते रोजच्या चुलीला बांधायला हवं होतं. आणि पूजा बंद कशाला करायची? तिची फक्त जागा बदलायची. शेठचा चहासुद्धा न घेता मी निघाले.

तापीमायला म्हटलं, "माझं चुकलं. हळद-कुंकू वाहा, फूल वाहा, नमस्कार करा. पण ते आधी. मग कातर पाण्यात. उकळी म्हणजे शेवटचा विधी, त्यानंतर तिला कुणाचाही हात लागायचा नाही, देवाचासुद्धा."

तिने जरा विचार केला. "पह्यले पूजा, मंग आंघोय," ती म्हणाली. देवाला आधी आंघोळ आणि मग कुंकू असतं, हे उलटं कसं, असा तिचा प्रश्न होता. मी म्हटलं, गौराईला पूजा झाल्यावर पाण्यात सोडताच ना? मग तिचा चेहरा उजळला. पटलं!

आणि सुरू झालं. पहाटे चूल पेटली की पहिलं भांडं कातरीचं. बाळंतपण असो वा नसो, रोज. आधी पूजा, मग कातर पाण्यात. चार भाकरी थापून होईतो उकळू द्यायची. मग बांगड्या दंडावर सारून साबणाने कोपरापर्यंत हात घासायचे. किती वेळ? तिच्याकडे घड्याळ कुठलं? दोन ओव्या पुऱ्या होईपर्यंत. ओव्या तिच्या तीच रचायची, त्यातल्या एकीत मी होते असं नंतर कळलं, काय म्हटलं होतं ते मात्र तिने कधी सांगितलं नाही. आणि खरोखरीच्या बाळंतपणाला गेली की त्या घरच्या चुलीवर हेच सगळं पुन्हा.

गावाला करमणूक झाली. विहिरीवरच्या बायका ओरडून विचारायच्या, "तापीमाय, कातर शिजनी का?" तीही कमी नव्हती. "शिजनी वं, या जेवाले!" मी दर बाजारवारी जायचे. तिने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला घेतल्या होत्या, एका दिवसाला एक. लिहिता येत नव्हतं, पण ती भिंत मला कुठल्याही वहीपेक्षा चोख वाटायची. बारा रेघा, वीस रेघा, भिंतीचा कोपरा भरला! मी त्या बोटाने मोजायचे आणि दोघी पोरींसारख्या हसायचो. दीड महिना झाला नि तिने पेटी विसरणं बंद केलं. कुणी दारात ओरडलं की हात आपोआप पेटीकडे जायचा. मी विचारलं, "आता आठवण ठेवावी लागते का?" तर म्हणाली, "कसानी आठवन? हातस्लेच मालूम शे."

आखाजीला गिरजा आली. सण जोरात, दारी झोके, पुरणपोळ्या, पाव्हण्यांनी घर भरलेलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तापीमाय भिंतीसमोर हिरमुसून उभी. रेघांमध्ये एक जागा मोकळी. "काल खाडा पडना, बाई."

माझ्या तोंडावर बोलणं आलं होतं, पण या वेळी गिळलं. तिनेच कोळसा उचलला. मोकळी जागा तशीच ठेवली आणि तिच्यापुढे आजची रेघ ओढली. "आज पडू देवाव नई," म्हणाली. तरुण वाचकांनो, तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही असेल तर हे एवढंच. एक दिवस चुकला म्हणून ती भिंत पुसून बसली नाही, आणि चुकलेली जागा भरून खोटंही केलं नाही.

मग तो दिवस आला. भर दुपार, ऊन मी म्हणतंय, आणि जावई घाम गाळत दवाखान्याच्या दारात. छकड्यातून धक्के खात मी पोचले तेव्हा गिरजाच्या कळा शेवटाला आल्या होत्या. चुलीवर पाणी खळखळत होतं. तापीमाय हात कोपरापर्यंत ओले धरून उभी. मी तशीच आत घुसले. कपाळाला धूळ, पदर कमरेला, "सरा, सरा" म्हणत. तर ती उंबऱ्यात आडवी झाली.

"घड्याय काढा, बाई."

"अहो, वेळ नाहीये!"

"पट्टाखाले काय शे कोनले मालूम?"

मी मनगटाकडे पाहिलं. घामाने भिजलेला तो चामडी पट्टा, त्याखाली धुळीचा चिखल. सात जणींना बांगड्या दंडावर सारायला शिकवणारी मी, दर बाळंतपणाला हे असं घेऊन जात होते! लाज वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी असा आनंद झाला म्हणून सांगू. माझी विद्यार्थिनी मला अडवत होती! घड्याळ काढून जावयाच्या हातात दिलं आणि मुकाट्याने हात घासायला बसले. ओव्या तिने म्हटल्या, दोन्ही पुऱ्या, एक शब्द न गाळता. आत गिरजा ओरडतेय आणि ही बाई ओवी संपवल्याशिवाय मला उठू देईना.

मुलगा झाला. ठणठणीत, लालबुंद. नाळ बांधून झाली. मी कातरीकडे पाहिलं तर तापीमाय दोन पावलं मागे सरलेली. हात अधांतरी धरलेले.

"मी हात लावाव नई," ती म्हणाली. "तुम्हीच कापा."

सोपं होतं हो. मी कापली असती, मूल वाचलं असतं, सगळं नीट झालं असतं. पण मग त्या दोन हातांचं काय? तीन महिने रोज घासलेले ते हात तिला जन्मभर त्या दोन मुलांना मारणारेच वाटले असते. गिरजा घामाने निथळत पडली होती, सगळं ऐकत होती. ती माझ्या आधी बोलली.

"माय, तूच काप."

तापीमायने उकळत्या पाण्यातून चिमट्याने कातर काढली. निवायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ कुणीही श्वास घेतला नसेल. मग तिने कापलं, एका झटक्यात, हात जराही न हलता. कापून झाल्यावर मात्र ती तिथेच भुईवर बसली.

पुढचे सात दिवस मी दवाखान्यात काय काम केलं ते विचारू नका. साहेबांनी विचारलं, "बाई, लक्ष कुठंय?" मी म्हटलं, "आज पाचवा." त्यांना काय कळणार? मुद्दाम गेले नाही. भीतीच वाटत होती, खरं सांगायचं तर. पाचवा गेला, सहावा गेला, सातवा गेला. निरोप नाही. बरा निरोप कुणी पाठवत नाही आणि वाईट आणायला कुणाचा पाय उचलत नाही, असं मनाशी घोळवत बसले. आठव्या सकाळी राहवेना, निघाले.

घर शांत होतं. मी ओट्याशी थबकले. तापीमायची हाक नाही, चुलीपाशी कुणी नाही.  दारातून डोकावले तर गिरजा खाटेवर बसलेली, मांडीवर पोर झोपलेलं.

"माय कुठंय?"

"म्हसावदले गयी सकायलेच. तठून बलावनं उनं." ती हसली. "सात दिन याना तोंडकडे देखत बठेल व्हती. घास उतरे ना तिले. आज म्हने, आते मी जास."

मी हात धुतले, खाटेजवळ खाली बसले आणि करंगळी बाळाच्या ओठांना लावली. जबडा बघायची आमची तीच रीत. त्याने झोपेतच टपकन तोंड उघडलं आणि करंगळी अशी जोराने ओढायला लागला की मला ती सोडवता येईना, आणि सोडवावीशीही वाटेना.